आधीचे ओरखडे

काउंटरवरच्या सोलेनने कागदावर छापलेली चपटी गाडी
माझ्यापुढे सरकवली,
उताण्या बेडकासारखी, चारी चाकं बाहेर,
आणि पेनाने फुल्या मारल्या.
बंपरवर एक. मागे एक. दाराला दोन.
हे आधीचे ओरखडे, म्हणाली, यांचे पैसे तुम्ही भरायचे नाहीत.
मी खाली सही केली.
आर्ल शहराचा असा कागद कुणी दिला नाही.

गाडी ताकाच्या रंगाची. स्टिअरिंग डावीकडे.
गिअर बदलायला डावा हात
तीस वर्षांच्या सवयीने निघतो आणि दारावर आपटतो.
वळायचं म्हणून कांडी ओढली
तर वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर करकरत.
मिस्त्राल वारा आभाळ घासूनपुसून ठेवत होता,
तरी चौकातल्या एका बाईने वर बघितलं,
तळहात पुढे करून थेंब पडतोय का पाहिलं.

रोमनांचं रिंगण तिसऱ्यांदा समोर आलं.
नवस नसताना प्रदक्षिणा.
यात एकेकाळी अख्खं गाव राहायचं म्हणे,
दोनशे घरं, दोन चर्च,
कमानी बुजवून केलेल्या खोल्या, चुलींचा धूर.
मग ती घरं काढून टाकली,
इतिहास नीट दिसावा म्हणून.

ला रोकेतमध्ये, खलाशांच्या जुन्या वस्तीत,
नकाशातली बाई म्हणाली, सरळ जा.
गेलो. गल्ली सरळच होती,
फक्त गाडीपेक्षा चार बोटं रुंद,
पुढे तीन बोटं,
आणि एका दगडी उंबऱ्यापाशी बोटं संपली.

हॉर्न वाजवला नाही. तरी खिडक्या उघडल्या.
मादाम बेलकासमी भिजवलेल्या चण्यांचं पातेलं घेऊनच खाली आल्या.
एका पोराने न विचारता दोन्ही आरसे दुमडले,
गाडीचे कान धरावेत तसे.
आणि ऑनोरा, ऐंशीच्या पुढचा, पायात घरातल्या सपाता,
बॉनेटसमोर येऊन उलट्या पावलांनी चालू लागला,
तळहात माझ्याकडे, बोटं आत वळवत,
ये, ये, ये.
तरुणपणी त्याने कामार्गच्या दलदलीत काळे बैल वळले होते
हे मला नंतर कळलं.
तेव्हा एवढंच कळत होतं की आज बैल मी आहे.

खर्रर्र.

कुणी चुकचुकलं नाही.
बेलकासमीबाईंनी ओल्या बोटाने भिंत दाखवली.
चुनखडीच्या दगडावर, गुडघ्याएवढ्या उंचीला,
रेघांवर रेघा. हिरवी. एक जाड निळी, दुधाच्या व्हॅनची.
ही तांबडी माझ्या नवऱ्याची,
अर्धं शब्दांत, अर्धं हातवाऱ्यांत त्या म्हणाल्या,
सत्त्याऐंशी साल, दवाखान्यातून मुलीला घरी आणताना.
बोट त्या रेघेवरून फिरलं,
आणि ओला झालेला तांबडा रंग
क्षणभर ताजा दिसला.
शेजारी आता माझी ताकाची.

संध्याकाळी रोनच्या काठावर गाडी लावली.
तिथे दोन दगडी सिंह पूल राखत बसलेत.
पूल नाही. चव्वेचाळीसच्या बाँबहल्ल्यात गेला.
सिंहांना कुणी कळवलं नसावं.
मी उरलेला पाव खाल्ला,
इकडेतिकडे बघून
थुंकी लावून ओरखडा पुसून पाहिला.

सकाळी सोलेन वाकून गाडीभोवती फिरली.
पेनाचं टोपण निघालं. पाचवी फुली.
कुठे झालं?
गल्लीचं नाव माझ्या जिभेवर बसेना.
ऑनोरा, म्हणालो. उलटा चालणारा, म्हणालो,
आणि हाताने ये ये करून दाखवलं.
ती पहिल्यांदाच हसली. पैसे कमी केले नाहीत.
पावती फाडता फाडता तिने विचारलं,
निळ्या रेघेच्या वर, की खाली?

वर, म्हणालो.
बोटभर.